रुजू होण्याची तारीख : एक ऑगस्ट

१४ जून, शनिवार

ऑफिसातला गुरप्पा तीस वर्षं क्लार्क आहे. आज म्हणाला, "सर, काय काय करताय ते रोजच्या रोज लिहून ठेवा. वर कुणी विचारलं की बोट आपल्याकडंच येतंय." म्हणून ही वही.

काम असं आहे. पुण्याची एक संस्था दरवर्षी राज्यातल्या कॉलेजांची यादी लावते, पहिलं कोण, शेवटचं कोण. गेल्या वर्षी आमचा नंबर दोनशे बारावा होता. तेव्हा कुणाच्या डोळ्याला पाणी आलं नाही. असली यादी असते हेच निम्म्या प्राध्यापकांना ठाऊक नव्हतं. पण आता विद्यापीठाचं पत्र आलंय. पहिल्या शंभरात आलात तर एम.एस्सी. केमिस्ट्री राहील, नाही तर पुढच्या जूनपासून तुकडी बंद. तुकडी बंद म्हणजे मीही बंद. अकरा वर्षं तासावर शिकवतोय. जेवढे तास घेतले तेवढाच मी कॉलेजचा. दिवाळीत आणि मे महिन्यात मी कुणाचाच नाही. वय बेचाळीस.

प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून चहा पाजला, अकरा वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, "बिराजदार, रँकिंगचं सगळं तुम्ही बघा. शंभराच्या आत आणा, तुमच्या कायम ऑर्डरचं मी बघतो."

सिद्धेश्वरीला सांगितलं. बायको झेडपीच्या शाळेत कायम शिक्षिका, त्यामुळं तिला बोलायला काय जातंय! "मग शिकवायचं कोण?" म्हणाली. मी म्हणालो, यादीत शिकवण्याला मार्क नाहीत. खरंच नाहीत. मी दोनदा बघितलं.

२० जून, शुक्रवार

सगळ्यात जास्त मार्क कशाला, तर शिकून बाहेर पडलेली मुलं आता काय करतात याला. तिथंच आमची बोंब. सकाळपासून जुन्या मुलांना फोन लावतोय. एक रिक्षा चालवतो. एक मामाच्या मेडिकलमध्ये बसतो. नऊ जण 'स्पर्धा परीक्षा' करतात, म्हणजे काहीच करत नाहीत. मुलींचे नंबर भावाचे नाही तर बापाचे, आणि उत्तर एकच, लग्न झालं. कुर्डुवाडीच्या एका आईनं फोन उचलला आणि मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाली, "सर, लागली का ओ नोकरी आमच्या पोराला?" मी तेच विचारायला फोन केला होता. 'बघतो' म्हणालो.

एकशे तीस फोनांत खरी नोकरी सतरा जणांना.

३ जुलै, गुरुवार

संस्थेच्या अध्यक्षांनी तोड काढली. त्यांच्या मेहुण्याची अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलची फॅक्टरी आहे. तिथून आज एकेचाळीस नेमणूकपत्रं आली, आमच्या एकेचाळीस मुलांच्या नावानं. सगळ्यांना एकच पद, 'प्रयोगशाळा सहायक, रंगविभाग'. एवढे सहायक ठेवले तर टॉवेल कोण विणणार, अध्यक्ष?

पुण्याच्या पोर्टलवर नुसतं पत्र चालत नाही, त्यावर मुलाची 'मान्य' अशी सही लागते. गुरप्पा चार पेनं घेऊनच बसला होता. "एकवीस उजव्या हातानं करतो, वीस डाव्या. बापाला बी ओळखू येणार न्हाय."

तिथं मात्र मी अडलो. म्हणालो, खोटी सही माझ्या हातून होणार नाही. ज्याची त्याची सही ज्यानं त्यानंच करायची. पत्रं पोस्टानं पाठवू, मुलं सही करून परत पाठवतील. प्राचार्य वैतागले, "किती दिवस जातील त्यात!" पण मी हटलो नाही. शेवटी हो म्हणाले. गुरप्पा पेनं खिशात घालत पुटपुटला, "सरांना सोवळ्यात चोरी करायचीया."

म्हणू दे. आज किती तरी दिवसांनी स्वतःबद्दल बरं वाटलं.

८ जुलै, मंगळवार

पत्रं गेली. सगळ्यांना फोन करून कल्पना देत होतो. पहिल्या दहा-बारा जणांना नीट समजावून सांगितलं, बाबा रे, हे नुसतं कागदावर आहे, कॉलेजच्या कामासाठी. एकजण हसला, एकानं विचारलं मग खरी कधी. दुपारनंतर घसा बसला. मग नुसतं 'पत्र येईल, सही करून परत पाठवा' एवढंच म्हणायला लागलो.

मोहोळ तालुक्यातली प्रियंका, गेल्या वर्षीची एम.एस्सी. धनगराची पोरगी, वर्षातले चार महिने घरचे मेंढरं घेऊन बाहेर असायचे, तरी फर्स्ट क्लास काढला. तिचा नंबर म्हणजे बापाचा नंबर. धुळाप्पा नाव त्यांचं.

"बोला की सायेब. पोरगी मेंढरामागं गेलीया."

"मी तिचा कॉलेजातला सर. तिच्या नावानं एक पत्र येईल. सही करून लगेच परत पाठवायला सांगा."

"कसलं पत्र जी?"

"नेमणुकीचं."

तिकडं नुसती मेंढरं ओरडत होती. मग "व्हय व्हय, लगीच धाडतो" म्हणाले. मी पुढचा नंबर लावला.

१९ जुलै, शनिवार

छत्तीस पत्रं परत आली. बाकीची पाच जाऊ देत, पुरतंय तेवढं.

माणसांना कागद हाताळायची अक्कल नाही. प्रियंकाच्या पत्राचा वरचा अर्धा भाग पिवळा, सगळी हळद, आणि कोपऱ्याला तांदळाचा दाणा चिकटलेला. गुरप्पा म्हणाला, "जेवताना सही केली का काय हिनं?" स्कॅनमध्ये डाग येतोय. खोडरबरानं घासला, निघाला नाही.

मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलंय, 'सर, आप्पांनी तुमचं नाव सगळ्या गावात सांगितलं. एक तारखेला हजर होते.'

हजर होते म्हणजे? पत्र पालथं करून परत वाचलं. तळाला छापलंय, 'दि. १ ऑगस्टपासून रुजू व्हावे.' एकेचाळीस पत्रं माझ्या हातांतून गेली आणि ही ओळ मी एकदाही वाचली नव्हती.

उद्या फोन करायला पाहिजे.

२५ जुलै, शुक्रवार

नाही केला. म्हणजे, एकदा केला. रिंग वाजायला लागली आणि मीच कापला. एम.एस्सी. झालेली मुलगी आहे, तिला कळत नसेल का? मुलाखत नाही, परीक्षा नाही, घरबसल्या नोकरी कुणाला मिळते? बाकीच्या पस्तीस जणांना कळलंच की.

माहिती पोर्टलवर चढली. 'रोजगार' या रकान्यात हिरवी खूण आली. प्राचार्यांनी पाठीवर थाप मारली.

१ ऑगस्ट, शुक्रवार

आली. पावणेबाराला प्रयोगशाळेच्या दारात उभी. नवा ड्रेस, कपाळावर भंडारा, हातात डबा.

"सर, फॅक्टरीचा वॉचमन आत सोडंना. असलं पदच नाही म्हणतोय. पत्राची झेरॉक्स दाखवल्यावर आतून एक साहेब आले. हसले आणि म्हणाले, कॉलेजच्या कामाचं दिसतंय, कॉलेजलाच विचारा."

मी तिला स्टुलावर बसवलं आणि सगळं सांगितलं. यादी, पोर्टल, शंभर नंबर, सगळं. ती ऐकत होती, वर्गात ऐकायची तशीच, मान न हलवता.

"म्हणजे सगळंच खोटं?"

"सही खरी आहे," मी म्हणालो. देवा, काय बोललो मी हे! जीभ झडली कशी नाही माझी?

मग ती बोलली. मेमध्ये तिची सुपारी फुटली होती, बार्शीच्या एका घरात. तिला नको होतं. बापाला म्हणाली होती, नोकरी लागली तर मोडाल का? बाप हसून 'व्हय' म्हणाला होता, कारण नोकरी लागत नाही हे साऱ्या गावाला माहीत. पत्र आलं तसं धुळाप्पांनी ते बिरोबापुढं ठेवलं, भंडारा उधळला, तांदूळ वाहिले, आणि दुसऱ्या दिवशी बार्शीला जाऊन चार पंचांत सुपारी मोडली. त्या लोकांनी आईबहिणीवरून शिव्या दिल्या. धुळाप्पा म्हणाले, द्या, कितीबी द्या, माझी पोरगी सायेब झालीया. आज गेटपर्यंत सोडायला आले होते. ती आत गेली असं समजून ते परत एसटी धरून गेले.

"आता मी घरी काय सांगू, सर?"

मी म्हणालो, वीस तारखेपर्यंत कुणाला काही बोलू नकोस. पुण्याचे लोक फोन करून पडताळणी करणार आहेत, तेवढी होऊ दे. मग प्राचार्यांशी बोलून तुला खरी नोकरी बघतो. ती इथंच शेळगीला आत्याकडं उतरलीय. आत्यालाही ती कामाला लागली असंच माहीत आहे.

जाताना तिनं मला नमस्कार केला, सवयीनं. 

१२ ऑगस्ट, मंगळवार

रोज दहाला डबा घेऊन येते. जाणार कुठं बिचारी? प्रयोगशाळेत बसते, पोरांच्या बाटल्या धुते, पोरांना रीडिंग घ्यायला शिकवते. माझ्यापेक्षा चांगलं शिकवते. पाच वाजले की आत्याकडं जाते आणि दमल्याचं सांगते.

आज पोर्टलवर पडताळणीचा निकाल आला. पाच नावं काढून त्यांनी फोन केले होते आणि त्यात प्रियंका!  तिच्या नावापुढं नंबर बापाचा. खाली शेरा वाचला: 'पालकांशी बोलणे झाले. मुलगी नोकरीस असल्याचा दुजोरा. पालक अत्यंत समाधानी.' पाचात सगळ्यात चांगला शेरा हाच.

मला आनंद झाला. लपवून काय उपयोग, ही वही माझीच आहे. मी धावत जाऊन प्रियंकाला सांगितलं. ती बाटली धूत होती. म्हणाली, "हो, आप्पांचा काल आत्याकडं फोन होता. पुण्याहून मोठ्या साहेबांनी विचारलं म्हणून लई खूश होते." मग नळ मोठा सोडला.

१६ ऑगस्ट, शनिवार

प्राचार्यांना विचारलं, एकीला तरी फॅक्टरीत खरंच घ्या. म्हणाले, "एकीला घेतली की बाकीचे पस्तीस दारात. वेडे आहात का? निकाल लागेपर्यंत तोंडाला कुलूप लावा."

संध्याकाळी जेवताना सिद्धेश्वरीला सांगून टाकलं. तिनं हातातला घास परत ताटात ठेवला.

"गाडी काढा. आत्ता मोहोळला जाऊ, मी येते बरोबर. त्या माणसाला सांगा, चूक माझी, पोरीची नाही."

"निकाल ऑक्टोबरात आहे. त्यानं कुठं तक्रार केली तर कॉलेज यादीतूनच जाईल."

"आणि पोरगी कुठं जाईल?"

"तुझी नोकरी कायम आहे म्हणून तुला हे सुचतंय," मी म्हणालो. ती ताट तसंच ठेवून उठली. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, करू काय मी?

२१ ऑगस्ट, गुरुवार

आजचं सगळं लिहून ठेवतो.

धुळाप्पांच्या गावातला कुणीतरी एमआयडीसीत ट्रकवर माल भरायला असतो. त्यानं त्या फॅक्टरीत चौकशी केली आणि गावात जाऊन सांगितलं, असली कुणी पोरगी तिथं नाही. अकराला शिपाई बोलवायला आला. प्राचार्यांच्या केबिनमध्ये धुळाप्पा उभे. धोतर, पटका, खांद्यावर घोंगडी. खुर्ची दिली तरी बसले नव्हते. शेजारी प्रियंका, तिला आत्याकडून घेऊन आले होते. टेबलावर पत्राची झेरॉक्स.

"सायेब, मी अडाणी मानूस. लई बोलत न्हाय. एवढंच सांगा, ह्यो कागुद तुमच्या कॉलेजनं दिला का न्हाय?"

प्राचार्य म्हणाले, "अहो, कॉलेज कुठं नोकरी देतं? आम्ही शिकवतो. नेमणूकपत्रं आमच्याकडून जात नाहीत." आणि माझ्याकडं वळून, "काय बिराजदार?"

हो म्हटलं असतं तर काय झालं असतं? यादी गेली असती, तुकडी गेली असती, माझी ऑर्डर गेली असती. हे सगळं मला तेवढ्या वेळात दिसलं. म्हणजे तेवढा वेळ होता माझ्याकडं.

"नाही," मी म्हणालो.

धुळाप्पा माझ्याकडं बघत राहिले. "पर सर, तुमचाच फोन आलता की मला. नेमणुकीचं पत्र येईल म्हनला तुमी."

मी पेपरवेट बघत होतो.  मग प्रियंका बोलली, अगदी सावकाश. "आप्पा, ते सर नव्हते. मीच एकाला फोन करायला लावला होता. पत्र बी मीच केलं. कम्प्युटरवर."

मला वाटलं होतं ते तिच्यावर हात उचलतील. नाही उचलला. माझ्यासमोर आले, पटका काढून माझ्या पायांवर ठेवला. "सर, पोरगी नादान हाय. तुमच्यासारक्या मानसाचं नाव खराब केलं तिनं. पोलिसात देऊ नगा. मी पाया पडतो तुमच्या."

प्राचार्य मोठ्या मनानं म्हणाले, "जाऊ द्या, आम्ही माफ केलं."

मी त्यांना उठवलं. खांद्याला धरून उठवलं, आणि तेव्हाही बोललो नाही. गुणी पोरगी, तिनं माझी अडचण ओळखली, असं घरी येताना गाडीवर स्वतःला सांगत होतो. नीच माणूस आहे मी.

२३ ऑगस्ट, शनिवार

आज दोन तास घेतले. काय शिकवलं आठवत नाही. बाटल्या धुवायच्या पडल्यात.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सत्त्याण्णव.

कॉलेजात पेढे वाटले. एम.एस्सी.ची तुकडी राहिली. संध्याकाळी प्राचार्यांनी माझी कायम ऑर्डर हातात दिली. शब्दाचा पक्का निघाला, मानलं पाहिजे. अकरा वर्षं मी या कागदाची वाट बघत होतो. आनंद झाला, नाही कसं म्हणू? पार्किंगपर्यंत टिकला.

सिद्धेश्वरीनं ऑर्डर वाचली, घडी घालून कपाटात ठेवली आणि भाकऱ्या थापायला गेली. ऑगस्टपासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

२४ नोव्हेंबर, सोमवार

कॉलेजच्या पत्त्यावर लग्नपत्रिका आली, धुळाप्पांची. वर हातानं लिहून घेतलंय, 'सरांनी येनेच'. रविवारी लग्न, त्यांच्या गावात. सिद्धेश्वरी म्हणाली, "जा. आणि आता तरी सांगून या." "मी येणार नाही," म्हणाली, "मला त्या माणसाच्या ताटात जेवण जाणार नाही."

सांगायचं ठरवलंय. ऑर्डर हातात आहे, आता कसली भीती? धुळाप्पांना बाजूला घेईन आणि सगळं सांगेन. लिहून ठेवतो, म्हणजे मागं फिरता येणार नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

गेलो होतो.

नवरा कुर्डुवाडीचा, बिजवर. पहिली बायको वारलेली, दोन लेकरं, मोठं सातवीत. मांडवात माझ्या शेजारी एक म्हातारा बसला होता. मी कोण हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं आपण होऊन सांगितलं, "पोरगी लई शिकलेली हाय, पर खोटं पत्र केलं नव्हं तिनं. असलीला चांगलं स्थळ कोन देतंय?" सगळ्या गावात तिचं नाव तेच पडलंय, खोट्या पत्राची.

मी उठलो, धुळाप्पांना गाठायला गेलो. त्यांनीच मला बघितलं. पळत आले, दंड धरला आणि मला थेट स्टेजजवळ नेलं. माईकवाल्याला थांबवलं. म्हणाले, "पावनं, हे आमच्या पोरीचं सर. पोरीनं चूक केली, ह्यांनी पोलिसात दिली न्हाय, पोटात घातली. एवढ्या लांबनं आशीर्वाद द्याया आल्यात. असली मानसं ऱ्हायली न्हाईत आता." आणि मला मानाचा फेटा बांधला. माणसं टाळ्या वाजवत होती. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, घरून पाठ करून आणलं होतं. टाळ्या थांबायची वाट बघितली. थांबल्यावर म्हणालो, "दोघांना आशीर्वाद."

मग त्यांनीच मला वर ढकललं. प्रियंका हिरवा चुडा भरून, मुंडावळ्या बांधून उभी होती. मी समोर गेल्यावर तिनं मान वर केली.

"सर, यादी लागली का?"

"लागली."

"कितवा नंबर?"

"सत्त्याण्णव."

तिनं जरा हिशेब केल्यासारखं केलं. "म्हणजे एम.एस्सी. राहिलं."

"राहिलं."

"बरं झालं," ती म्हणाली. "मागच्या पोरींना तरी शिकता येईल."

तेवढ्यात फोटोवाला ओरडला, सर, जरा इकडं सरका, नवरीच्या बाजूला. मी फेटा सरळ केला आणि तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.